मीठ घातलं का नाही?

साठाव्या वर्षी मी भाकरी थापायला शिकले. ती टम्म फुगायला लागल्यावर मग ती मुद्दाम बिघडवायलाही शिकले. पहिली शिकवणी आईची होती. दुसरी माझी मीच घेतली, आईच्या नकळत. निदान मला तसं वाटत होतं.

इतका उशीर का झाला म्हणून विचाराल, तर त्याआधी मला लाज नव्हती, एवढंच. पोरवयात आईनं चुलीपाशी हाक मारली की मी पुस्तक उघडून बसायची. एकदा घाईत पुस्तक उलटंच धरलं. आईला अक्षर येत नाही, पण चित्रातली गाय पाय वर करून पडलेली तिला बरोबर दिसली. "गाय मेली का गं तुझी?" म्हणाली आणि स्वतःच परातीत हात घातला. पुढं मी कोपरगावला शाळेत मास्तरीण झाले. घरी सासूबाई करायच्या, त्यांच्यामागं स्वयंपाकाला बाई ठेवली. "मला बाई स्वयंपाक येत नाही" हे मी शाळेतल्या बायकांना अशा ठसक्यात सांगायची, जशी नवी पैठणीच मिरवतेय. आज ती मास्तरीण मला कुठं भेटली तर तिच्या हातात लसणाची पाटी देऊन उन्हात बसवीन.

आई मात्र नेवाशाकडच्या आमच्या गावात स्वयंपाकासाठीच ओळखली जायची. कुणाकडं देवाचा नैवेद्य असो, तिला बोलावणं यायचंच. नैवेद्याचं अन्न आधी चाखायचं नसतं, चाखलं की उष्टं होतं. नव्या सुनांचे हात मिठाच्या बरणीपाशी थबकायचे ते इथंच. आईचं तसं नव्हतं. ती उकळत्या आमटीवर वाकायची, डोळे मिटून वाफ आत ओढायची आणि म्हणायची, "बसलं मीठ." साठ वर्षांत तिचा अंदाज चुकल्याचं कुणी सांगत नाही. माझं मात्र म्हणणं असायचं, की हे काही शास्त्राला धरून नाही, मिठाला वास कुठं असतो? उकडलेल्या अंड्यावर मीठ घालायला विसरणाऱ्या बाईचं हे शास्त्र.

मग करोना आला. माहेरच्या घरात सगळ्यांना झाला. ऐंशी वर्षांची आई नगरच्या दवाखान्यात आठ दिवस राहिली आणि जिवंत परत आली. आम्ही नारळ फोडला. पण तिच्या नाकातला वास गेला तो गेलाच, आणि जाताना जिभेची चवही घेऊन गेला.

महिनाभरानं धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आई जेवत न्हाई. घास तोंडात धरून बसती अन् मग हळूच काढून टाकती. तू ये."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वजन उतरू देऊ नका म्हन्त्यात. मीठ बी बेतानं द्या, बीपी हाय म्हन्त्यात." जरा थांबून म्हणाला, "अन् काल एक झालं."

झालं होतं असं. भावजय गोठ्यात गेलेली. आईनं गॅसवर दूध ठेवलं. ते उतू गेलं, आच विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला. शेजारी आई गवारीच्या शेंगा मोडत निवांत बसली होती. भावजय परत आली तर दारातच तिला वास आला. तिनं खिडक्या उघडल्या, सासूला ओढत अंगणात आणलं, आणि मग स्वतःच मटकन खाली बसली. तेव्हापासून आईला स्वयंपाकघर बंद. ज्या बाईनं साठ वर्षं नाकावर स्वयंपाक केला, तिला त्याच नाकापायी घरच्यांनी उंबऱ्याबाहेर बसवलं.

मी गेले. जाताना काय नेलं? एक कोरी वही, दोन पेनं आणि प्रोटीन पावडरचा डबा. मास्तरीण कुठंही गेली तरी तयारीनिशीच जाणार.

आई खाटेवर होती. मला बघून हसली. तिचा ब्लाऊज भावजयीनं दोनदा आत घेतला होता, तरी खांद्यावरून ओघळत होता. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या आणि हात खाली केला की खळ्ळकन खाली यायच्या. तो आवाज झाला की मी दुसरीकडं बघायची.

"खा की गं थोडं."

"काय खाऊ? तोंडात माती धरल्यावानी हुतं. तू खाशील का माती?"

पेज दिली, खिमट दिलं, पावडर दुधात ढवळून दिली. ती गोड हसून पेला घ्यायची. तिसऱ्या दिवशी कळलं, खाटेखालचं कुत्रं एकाएकी फार तुकतुकीत का दिसायला लागलंय.

चौथ्या दिवशी भावजय कांदा काढायला शेतात गेली होती. भाऊ दुपारी जेवायला येणार, म्हणून मीच बाजरीचं पीठ परातीत घेतलं. मनात म्हटलं, पोरं शिकवली, भाकरीचं काय मोठंसं. पाच मिनिटं मळत असेन, तोच बाहेरून आवाज आला.

"पानी कमी पडलंय."

"तुला तिथून काय दिसतंय?"

"दिसत न्हाई. आइकू येतंय. परात कोरडी वाजती तुझी."

आणि मग खाटेची करकर ऐकू आली. उठवल्याशिवाय न उठणारी आई प्लॅस्टिकची खुर्ची ओढत उंबऱ्यापाशी आली आणि न्यायाधीशासारखी बसली. माझी भाकरी एका बाजूला कागदाएवढी पातळ आणि दुसऱ्या बाजूला पाटाएवढी जाड झाली. तव्यावर पडली ती दुमडूनच. आई हसता हसता खोकायला लागली. "आगं, भाकर हाय का गोधडी?" पण त्या गोधडीतला चतकोर तुकडा तिनं दुधात कुस्करला आणि गिळला. "तू केलीस म्हनून. टाकायची कशी?"

मी तो चतकोर तिच्या पोटात पोचेपर्यंत श्वास धरून बसले होते.

असा आमचा करार झाला. आई खुर्चीतून सांगणार, मी करणार, आणि जे होईल ते आई खाणार. "शिकवणाऱ्यानं तपासायला पाहिजे ना," असं मीच तिला पटवलं. "मी पोरांचे पेपर तपासत होते, तसं." मी वही काढली तेव्हा ती म्हणाली, "लिवून घेतेस? लिवल्यानं भाकर फुगती का?" वही मी पिशवीत परत टाकली.

तिच्या नाकाचं काम आता कानाकडं आलं होतं. जिरं तडतडलं की "टाक लसूण", तडतड मंदावली की "चुकलीस". हुलग्याच्या शेंगोळ्यांचं पीठ वळताना ती डोळे मिटून माझ्या तळव्यांचा आवाज ऐकायची. पातेल्यातली खदखद जड झाली की म्हणायची, "शिजलं. उतरव." मी मागं वळून बघायची. ती खुर्चीत ताठ बसलेली असायची आणि गालावर थोडा रंग चढलेला असायचा. त्या वेळात ती मला आजारी वाटायची नाही. ताट पुढं आलं की मात्र चेहरा उतरायचा. तरी करार म्हणून खायची. मी घास मोजायची. चार, पाच, सहा. सहाव्याला माझे खांदे खाली यायचे.

आणि मग घोटाळा झाला. मला भाकरी यायला लागली.

त्या दिवशी भाकरी अशी फुगली की मी स्वतःच टाळ्या पिटल्या. आईनं मान हलवली. "आलं तुला. आता माझं काय काम?" खुर्ची मागं सरकवून खाटेवर जाऊन पडली. त्या दुपारी दोन घास. संध्याकाळी एकही नाही. भावजय भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली, जणू भाकरी फुगवून मी मोठंच पाप केलं होतं.

शाळेत मला एक पक्कं कळलं होतं. हुशार पोराकडं बाई ढुंकून बघत नाहीत, ढ पोराच्या डोक्यावर मात्र दिवसभर उभ्या असतात. तर दुसऱ्या दिवशी मी ढ झाले. भाकरी उचलताना मधोमध फाडली. आई खाटेवरून ओरडली, "काय केलंस गं?" आणि खुर्ची ओढत आली. पाव तास मला शिव्या घातल्या आणि सात घास खाल्ले.

मग काय, मी रोज काही ना काही बिघडवायला लागले. पिठल्यात गुठळ्या केल्या. डाळ कच्ची उतरवली. भावजय म्हणाली, "ताई, काल तर चांगलं जमलं हुतं की!" मी तिला डोळा मारला. तिला कळलं आणि ती पदरात तोंड लपवून हसली. मला वाटलं, मी किती चलाख! साठीची बाई, आईला फसवतेय म्हणून मनातल्या मनात फुगड्या घालत होते.

मग एक दिवस मी लसूण जाळला. मुद्दामच. पार कोळसा. घरभर करपट वास सुटला, भावजयीनं नाकाला पदर लावला. मी आईच्या शिव्यांची वाट बघत होते. आई खुर्चीत शांत बसलेली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "वास बरा सुटलाय फोडनीचा. खमंग."

माझ्या हातातला कालथा तसाच राहिला. तिला कसलाच वास येत नव्हता आणि येतोय असं ती आम्हाला दाखवत होती. म्हणजे मी तिला फसवत होते आणि ती मला. मधल्या मधे ती तो जळका लसूण चावून चावून खात होती आणि मान डोलावत होती. त्यानंतर मी काही जाळलं नाही. मला रात्रंदिवस एकच भीती लागली. हे नाटक ती किती दिवस ओढणार? आणि ओढवेनासं झालं की मग?

श्रावणातली अमावस्या आली. पोळा. गावात आता ट्रॅक्टरच जास्त. पोळ्याला त्यांनाही हार घालतात. पण भावानं एक बैलजोडी ठेवलीय. आमच्या घरात पोळ्याला बैलांनी पुरणपोळी खाल्ल्याशिवाय कुणी शितभरही तोंडात घालत नाही. चाखण्याचं तर नावच नको. आईनं आदल्या दिवशीच सांगितलं, "आमटी माझी. म्हंजी, तू करायची."

पोळ्या लाटायला भावजय होती. त्या कामात माझ्यावर कुणाचा भरवसा नव्हता, आणि योग्यच होतं. पुरणाची डाळ शिजवून गाळलेलं पाणी माझ्यापुढं आलं. आई खुर्चीत. कांदा-खोबरं भाजलं, वाटलं, काळा मसाला पडला. आमटीला उकळी यायला लागली. तोच अंगणातून भाऊ ओरडला, "ताई, कुंकवाचा करंडा कुठंय? मिरवनूक निघाली!"

मी धावत गेले. करंडा शोधला, बैलांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, एकाच्या शिंगाचा ओला रंग दंडाला लागला. परत आले.

"मीठ घातलंस?" आईनं विचारलं.

"घातलं."

चाळीस वर्षं साहेबांना "झालं, सर" म्हणायची सवय. तोंडातून होकार आधी निघतो, विचार मागून येतो. विचार आला तो हा. मी मीठ घातलं होतं का? बरणीचं झाकण उघडं होतं. पण ते मी घालण्यासाठी उघडलं होतं की घालून झाल्यावर तसंच राहिलं होतं? बाहेर जायच्या आधी हात बरणीत होता का मसाल्याच्या डब्यात? मनातल्या मनात मी स्वतःला दारापर्यंत परत चालवलं, परत आणलं. काही आठवेना.

इतक्या दिवसांत मी मुद्दाम चुकत होते, तेव्हा हात कसा मोकळा चालायचा. आज खरी चूक झाली, तर हात लाकडासारखा झाला. आईकडं पाठ करून मी मूठभर मीठ पातेल्यात टाकलं. टाकल्याबरोबर वाटलं, मघाशीही घातलंच होतं. मग वाटलं, नव्हतं.

"किती बार घातलंस?"

"एकदाच."

"आत्ता एकदा. अन् मघाशी?"

मी बरणीचं झाकण लावलं. लाटणं थांबवून भावजय सासूला म्हणाली, "आत्या, मी चाखू का थेंबभर?"

"बैल अजून वेशीत हायती."

मला एक अर्धवट युक्ती सुचली. "आई, तूच चाख. तुला चव लागत नाही, मग उष्टं कसं होईल?"

"मास्तरीन झालीस म्हनून काय बी इचारशील व्हय?" ती म्हणाली, पण उठली. ओट्याला धरत पातेल्यापाशी आली आणि नेहमीसारखी वाकली. डोळे मिटले. वाफ ओढली. तिच्या कपाळावर, वरच्या ओठावर वाफेचे थेंब जमा झाले. मी वाट बघत होते. पुन्हा एकदा ओढली. मग सरळ झाली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "काय येत न्हाई गं."

मी गॅस बारीक केला.

"चार महिनं झालं. काय बी न्हाई. मी नुसतंच म्हनत हुते तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हनून."

तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मग मीही खरं सांगून टाकलं. भाकरी मी मुद्दाम फाडत होते. लसूण मुद्दाम जाळला. तू उठून यावीस म्हणून.

ती माझ्याकडं बघत राहिली. "ते काय मला ठाव न्हवतं व्हय? न येनाऱ्याचा हात घाबरतो. तू फाडायचीस ती खुशाल, कागद फाडल्यावानी." मग पातेल्याकडं बघितलं. "आज घाबरलाय."

"मग तू का खायचीस?"

"तू एवढं करतेस म्हनून."

भावजय पोळपाटावर वाकून भराभर लाटायला लागली. तिला रडायचं होतं आणि हात पिठाचे होते.

"आता काय करू? पाणी घालू?" मी विचारलं.

"अळनी असली तर?"

"मग मीठ?"

"खारट असली तर?" ती खुर्चीत बसली. "ऱ्हाऊ दे तशीच."

बैल दिवेलागणीला आले. भावजयीनं पाय धुतले, ओवाळलं, पोळी भरवली. बैलांनी ती एका घासात संपवली. त्यांना जेवणाची काळजी नसते. मग आम्ही ताटावर बसलो. भावानं आमटीचा भुरका मारला. त्याचा चेहरा गोळा झाला. गिळायला त्याला वेळ लागला. मग तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, विहिरीत पानी किती हाय बघून केलीस का गं ही आमटी?"

खारट. नुसती खारट नाही, दोनदा घातलेल्या मिठाची. मला जमिनीत जावंसं वाटलं. मी आईची वाटी उचलायला हात पुढं केला. तिनं माझा हात बाजूला केला, कारण तिनं घोट घेतला होता आणि तो तोंडात धरून ती बसली होती. मला वाटलं, आता काढून टाकणार.

तिनं गिळला. दुसरा घेतला. भुवया जवळ आल्या.

"कायतरी चावलं जिभंला."

"काय? खारट?"

"काय ते सांगता येईना. पर माती न्हाई."

तिनं पोळी मोडून आमटीत बुडवली. खाल्ली. पुन्हा बुडवली. मी मोजायला विसरले. वाटी रिकामी करून तिनं माझ्यापुढं धरली. "वाढ."

भावानं माझ्याकडं बघितलं. भावजयीनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांचं बीपीचं सांगणं आम्हा तिघांना पाठ होतं. चार महिन्यांत या बाईनं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मागितलं ते नेमकं तेच, जे तिला द्यायचं नव्हतं. पळी माझ्या हातात. "ताई..." भावजय हळूच म्हणाली. वाढ म्हणावं की नको, तिलाही कळेना.

मी अर्धी वाटी वाढली. आईनं पूर्ण पोळी खाल्ली. मी काहीच खाल्लं नाही. दर अर्ध्या तासानं तिला विचारत होते, डोकं दुखतंय का, चक्कर येतेय का. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आता तू गप न्हाई बसलीस तर दुखंल."

सकाळी तिला नेवाशाला दवाखान्यात नेलं. बीपी वाढलेलं होतं. डॉक्टर मला बोलले, आणि चांगलंच बोलले. साठ वर्षांच्या बाईला कुणी असं रागावेल असं मला वाटलं नव्हतं. मी मान खाली घालून उभी होते. आई मधेच म्हणाली, "पर सायेब, लागली की मला!" डॉक्टर थांबले. गोळी बदलून दिली आणि म्हणाले, मीठ एकदम नाही, रोज थोडं थोडं उतरवत आणा, आणि मला दर दोन दिवसांनी दाखवा.

तसं केलं. आज चिमूट कमी, उद्या आणखी चिमूट. एखाद्या दिवशी "लागतंय" म्हणायची. एखाद्या दिवशी नुसतं डोकं हलवायची, आणि तो दिवस आम्हा सगळ्यांचाच उपास व्हायचा. मिठाचं जमलं तशी चिंच कळली. मग गूळ. वास मात्र अजून आलेला नाही. गॅसचं बटण अजून भावजयच बघते.

आता ती चौऱ्याऐंशीची आहे. मी महिन्यातून आठ दिवस तिच्याकडं राहते आणि स्वयंपाक मीच करते. आता काही फाडत नाही, जाळत नाही. ती खुर्चीत बसून ऐकते आणि चुका काढते, कारण मला अजूनही फारसं येत नाही. ते मुद्दाम नाही. ताट वाढून मी तिच्यासमोर बसते. ती पहिला घास घेते, तो तोंडात फिरवते, आणि ती काही बोलेपर्यंत माझा घास माझ्या हातातच असतो.